गायकामागे बसलेला तो माणूस काय करतो? एस्टोनियाचे पियानोवादक इवारी इल्या आणि साथीची कला

पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्याच्या मैफलीचं कुठलंही चित्रीकरण लावा. मंचावर दोन माणसं येतात. पुढे गायक, मागून पियानोवादक. टाळ्या गायकासाठी असतात. गाणं संपलं की गायक कमरेत वाकतो आणि मग एक हात लांब करून पियानोकडे दाखवतो. तेव्हा मागचा माणूस उठतो, मान लववतो आणि पुन्हा आपल्या बाकावर बसतो.

द्मित्री ह्वोरोस्तोव्स्की या रशियन गायकाची अशी चित्रीकरणं मी घरी अनेकदा लावतो. पांढरेशुभ्र केस, खोल भरदार आवाज, एकेक ओळ संपता संपत नाही असा दमसास. ऐकणारे आधी त्याच्या आवाजात बुडतात आणि मग कुणी ना कुणी विचारतंच, "तो मागे बसलेला कोण? आणि त्याला एवढं करायचं तरी काय असतं? समोर कागद आहे, त्यावरचं वाजवायचं."

त्या माणसाचं नाव इवारी इल्या. ते एस्टोनियाचे. २००३ पासून ते ह्वोरोस्तोव्स्की यांचे पियानोवादक होते. न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, मिलानचं ला स्काला अशा मंचांवर त्यांनी वाजवलं आहे आणि २०१७ मध्ये ते एस्टोनियाच्या संगीत अकादमीचे प्रमुख झाले. त्यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर आधी त्या घरगुती प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. ते उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून हा लेख.

साथ, पण कागदावर लिहिलेली

साथ ही गोष्ट आपल्याला नवी नाही. गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांची पेटी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना साथ म्हणजे काय हे मी सांगायला नको. गायकाने एखादी जागा घेतली की पेटी तिच्या पावलावर पाऊल टाकते. गायक श्वास घेतो तेवढ्यात मधली फट भरून काढते. गायक पुढे काय करणार हे कुठेही लिहिलेलं नसतं. पेटीवाला कान आणि अंदाज यांवर चालतो.

युरोपातल्या गाण्यात व्यवस्था वेगळी आहे. संगीतकार एक कविता घेतो, तिला चाल लावतो आणि त्याच कागदावर पियानोने काय वाजवायचं तेही सूर न् सूर लिहून ठेवतो. पियानो पुष्कळदा गायकाची चाल वाजवतच नाही. त्याच्याकडे स्वतःचं वेगळं काम असतं: कधी पाऊस, कधी घोड्याच्या टापा, कधी नाचाच्या दिवाणखान्यातून ऐकू येणारा ठेका, कधी गायक जे बोलत नाही ते.

अशा गाण्याला जर्मनमध्ये लीड म्हणतात, रशियनमध्ये रोमान्स. रोमान्स म्हणजे प्रेमगीतच असं नाही. चांगल्या कवितेला लावलेली, एकट्याने गायची, मनातलं बोलणारी चाल, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द भावगीत. ऑस्ट्रियाचा संगीतकार फ्रान्झ शूबर्टने अशी सहाशेच्या वर गाणी लिहिली, रशियाच्या चायकोव्स्कीने शंभराच्या आसपास, रखमानिनोवने सुमारे ऐंशी. अख्खी मैफल याच गाण्यांची असते. एक गायक आणि एक पियानो. मागे वाद्यवृंद नाही, नेपथ्य नाही, मायक्रोफोनही नाही.

अर्धं गाणं पियानोत असतं

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक गाणं जवळून पाहू. १८१४ साली सतरा वर्षांच्या शूबर्टने जर्मन कवी ग्योथेची एक कविता घेतली. ग्रेटशेन नावाची मुलगी चरख्यावर सूत काततेय आणि तिला तिचा प्रियकर आठवतोय. गाण्याची चाल मुलीची आहे. चरखा आहे पियानोवादकाच्या उजव्या हातात: एकसारखी गरगर फिरणारी बारीक सुरावट, सुरुवातीपासून न थांबता. मुलगी त्याची चालण्याची ढब आठवते, त्याचं हसू आठवते, त्याचा हात आठवते. आवाज वर वर जातो आणि ती त्याच्या चुंबनापाशी येते. तिथे चरखा थांबतो.

कवितेत "चरखा थांबला" असं कुठेही म्हटलेलं नाही. ते फक्त पियानो सांगतो. सूत कातण्याचं भान सुटलं, हात जागच्या जागी राहिला. मग चाक पुन्हा फिरू लागतं, पण एकदम नाही. थोडं फिरतं, अडतं, पुन्हा फिरतं, मग लागतं. त्या अडखळण्यात किती वेळ घ्यायचा, पहिली गिरकी किती हळू द्यायची, हे वादकाच्या हातात. जरा घाई केली, तर मुलगी बेफिकीर वाटते. फार ताणलं, तर नाटकी वाटते.

दुसरं उदाहरण जर्मन संगीतकार शुमानचं. हाइने या कवीच्या कवितांवर त्याने १८४० मध्ये सोळा गाण्यांची एक माळ लिहिली. त्यातलं पहिलं गाणं गायकासाठी संपतं, पण पियानो संपवत नाही. तो अशा स्वरांवर थांबतो की ऐकणाऱ्याला वाटतं, अजून काहीतरी यायचंय. तबल्यावर तिहाई सुरू करावी आणि समेवर न येताच हात उचलावा, तसं काहीसं. मी प्रेमाची कबुली दिली, एवढंच कवी म्हणतो. पुढे काय झालं ते सांगत नाही, आणि ते न सांगणं पियानो ऐकवतो. माळेतल्या शेवटच्या गाण्यानंतर तर गायक नुसता उभा असतो आणि पियानो बराच वेळ एकटाच बोलतो.

गायक गप्प उभा आहे आणि गाणं चालूच आहे. हे एकदा लक्षात आलं, की मागे बसलेल्या माणसाकडे बघायची नजर बदलते.

नाशिकएवढ्या देशातून

एस्टोनिया उत्तर युरोपात, बाल्टिक समुद्राच्या काठावर आहे. लोकसंख्या सुमारे पावणेचौदा लाख. आपल्याकडच्या २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची संख्या त्याहून जास्त होती. एवढ्या लहान देशातून संगीतातली इतकी मोठी नावं का येतात, हा प्रश्न मला कायम पडत आला आहे. संगीतकार आर्वो पॅर्ट एस्टोनियाचे, वाद्यवृंद संचालक नेमे यार्वी आणि त्यांचे पुत्र पावो यार्वीही तिथलेच.

उत्तराचा एक भाग गाण्यातच आहे. १८६९ मध्ये तार्तू या गावी पहिला गीतमहोत्सव भरला आणि तेव्हापासून गावोगावच्या गायकवृंदांनी एकत्र येऊन गायची रीत पडली. आजही राजधानी तालिनच्या मोकळ्या मैदानावर हजारो माणसं एका सुरात गातात. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने देश गिळला, मधली तीन वर्षं जर्मनांचा ताबा, मग पुन्हा सोव्हिएत. १९८० च्या दशकाच्या शेवटी लोक त्याच मैदानावर रात्ररात्र जमून बंदी घातलेली देशगीतं गाऊ लागले आणि १९९१ मध्ये स्वातंत्र्य परत आलं. त्या लढ्याला तिथे 'गाणारी क्रांती' म्हणतात. ज्या देशात गाणं हा इतका जिवाभावाचा विषय, तिथला पियानोवादक गाणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसला, याचं मला नवल वाटत नाही.

इल्यांचा जन्म १९५९ मध्ये तालिनचा. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत ते लाइने मेट्स यांच्याकडे शिकले. कॉन्झर्व्हेटरी म्हणजे संगीताचं महाविद्यालय. तिथून पुढे मॉस्को कॉन्झर्व्हेटरी, कारण त्या काळी तालिनहून वर जाणारी वाट मॉस्कोतूनच जायची. मॉस्कोत त्यांना वेरा गोर्नोस्तायेवा आणि सेर्गेई दोरेन्स्की हे गुरू मिळाले. गोर्नोस्तायेवा स्वतः हाइनरिख नॉयहाउस यांच्या शिष्या. स्वियातोस्लाव रिख्तर आणि एमिल गिलेल्स ही गेल्या शतकातली दोन बलाढ्य नावंही याच नॉयहाउस यांच्या शिष्यांतली. आपल्या भाषेत सांगायचं, तर घराणं पक्कं होतं. पियानोचा आवाज 'गाता' यायला हवा, यावर या घराण्याचा सगळा जोर.

या शिक्षणात आणखी एक गोष्ट होती. सोव्हिएत महाविद्यालयांत पियानोच्या प्रत्येक विद्यार्थ्याला साथ हा वेगळा विषय सक्तीने शिकावा लागे. एकल वादन जमत नाही म्हणून साथीला बसला, असा तो मामला नव्हता. रशियन आणि एस्टोनियन भाषांत अशा वादकाला कॉन्सर्टमाइस्टर म्हणतात आणि या शब्दात 'माइस्टर' आहे, म्हणजे उस्ताद. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ज्या समाजात कामाला मानाचं नाव आहे, तिथे ते काम करायला चांगली माणसं येतात.

सगळे याच वाटेने गेले असंही नाही. इल्यांहून तीन वर्षांनी मोठे काल्ले रांदालू हेही तालिनचेच. त्यांनी १९८५ मध्ये म्युनिकची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि पुढे जर्मनीत कार्ल्सरूहे इथे प्राध्यापक झाले. स्पर्धा, मग मंच, मग प्राध्यापकी ही पियानोवादकाची रुळलेली वाट. इल्याही एकल वादन करतात, वाद्यवृंदाबरोबरही वाजवतात. पण जगाने त्यांना ओळखलं ते गायकांच्या शेजारी: इरिना अर्खिपोवा, मारिया गुलेगिना, एलेना झारेम्बा आणि मग ह्वोरोस्तोव्स्की.

"सगळं लिहिलेलंच आहे, मग वादकाचं त्यात काय?"

हा आक्षेप रास्त आहे. स्वर लिहिलेले असतात, लयही लिहिलेली असते. पण कागदावर 'हळू' लिहिलेलं असतं. किती हळू, ते नसतं. 'मोठ्याने' लिहिलेलं असतं. कुणाच्या आवाजापुढे मोठ्याने, ते नसतं. पुस्तकातली पाककृती दोन घरांत सारखीच असते, तरी आमटी सारखी होत नाही. 'चवीपुरतं मीठ' या दोन शब्दांत सगळा स्वयंपाक असतो.

शिवाय पियानो या यंत्राचीच एक अडचण आहे. पट्टी दाबली की आत बनातीची हातोडी तारेवर आपटते आणि मागे येते. त्या क्षणानंतर तो सूर वादकाच्या हातात राहत नाही. तो फक्त विरत जातो. गायक एक सूर धरून तो फुलवू शकतो, पेटीवाला भाता दाबून फुलवू शकतो. पियानोवाल्याला ते करता येत नाही. मग पियानो 'गाणार' कसा? पुढचा सूर नेमका किती जोराने मारायचा, मागचा विरता विरता कुठे आला आहे ते ऐकून. मागच्याची उरलेली धार आणि पुढच्याची सुरुवात जुळली, की कानाला सलग रेघ वाटते. मी हे पहिल्यांदा समजून ऐकलं, तेव्हा मला पाण्यावर टाकलेल्या टप्प्याटप्प्याच्या दगडांवरून कुणीतरी न थबकता चालत गेल्यासारखं वाटलं.

पट्टी बदलणं हे आणखी एक काम. एखादी गायिका काळी पाचमध्ये गाते आणि गायक काळी एकमध्ये, हे आपल्याला ठाऊक आहे. युरोपातली ही गाणीही उंच, मधल्या आणि खालच्या आवाजांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत गायली जातात. ह्वोरोस्तोव्स्की बॅरिटोन, म्हणजे पुरुषांचा मधला आवाज. तेच गाणं उद्या झारेम्बांसारख्या गायिकेबरोबर वाजवायचं, तर सगळा हात वेगळ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बसवायचा. जिथे अंगठा सहज पडत होता तिथे आता काळी पट्टी येते. ऐकणाऱ्याला मात्र फरक कळता कामा नये.

श्वास आणि अक्षर

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळी कला इथेच आहे.

शाळेत असताना मी गणपतीत भजनाला पेटी धरायचो. गाणाऱ्या बाई वयाने मोठ्या होत्या आणि मोठी ओळ आली, की मध्येच श्वास घ्यायच्या. मी ठेक्यात पुढे निघून जायचो आणि त्यांची ओळ तुटायची. दोनदा असं झाल्यावर पेटी शिकवणारे गुरुजी माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पट्ट्यांकडे बघू नकोस, तिच्या खांद्यांकडे बघ." श्वास घ्यायच्या आधी खांदा किंचित हलतो. तिसऱ्या वेळी मी तो हलताना पाहिला आणि हात अर्धा क्षण अडवला. बाईंनी वळून पाहिलं नाही. त्यांना त्याची गरज वाटली नाही, आणि मला ते कौतुकासारखं वाटलं.

मोठ्या मंचावरचा पियानोवादक तर गायकाच्या पाठीमागे असतो. त्याला गायकाचं तोंड फारसं दिसत नाही. पाठ दिसते, मान दिसते आणि श्वास ऐकू येतो. ह्वोरोस्तोव्स्की लांबच्या लांब ओळी एका दमात गाण्यासाठी प्रसिद्ध होते. अशा गायकाबरोबर पियानोने जरा रेंगाळायचं ठरवलं, तर ओळीच्या शेवटी दम पुरत नाही. जरा घाई केली, तर त्या दमसासाचं सगळं वैभव वाया जातं. म्हणजे गायकाकडे आज किती हवा आहे, याचा हिशेब वादकाला ओळ सुरू होण्याआधीच करावा लागतो. चांगले साथीदार गायकाबरोबर स्वतःही श्वास घेतात, अगदी शब्दशः.

आता अक्षर. 'स्मरण' हा शब्द समेवर गायचा आहे असं समजा. सम कशावर पडते? 'स्' वर नाही. 'स्' आधी सरकतो आणि सम 'म' मधल्या 'अ' वर येते. आपण हे नकळत करतो. पण पियानोचा सूर हातोडीने पडतो, त्याला सरकता येत नाही. तो नेमका स्वरावर पडायला हवा. 'स्' ऐकून लगेच वाजवलं, तर पियानो आधी आणि गायक मागून असं ऐकू येतं.

रशियन भाषेत ही जोडाक्षरं जागोजागी. चायकोव्स्कीचा १८६९ चा एक फार प्रसिद्ध रोमान्स आहे, ग्योथेच्याच कवितेच्या रशियन भाषांतरावरचा. ज्याने भेटीची तहान अनुभवली, त्यालाच माझं दुःख कळेल, असा त्याचा भाव. पहिली ओळ "नेत, तोल्को तोत, क्तो झ्नाल" अशी आहे. 'क्तो' आणि 'झ्नाल' स्वतः उच्चारून पाहा. तोंडात व्यंजनं जमतात, मग स्वर फुटतो. त्या फुटण्याच्या क्षणी पियानो खाली यायला हवा आणि तेही प्रत्येक वेळी. म्हणून साथीदाराला भाषा यावी लागते. नुसता अर्थ कळून पुरत नाही, ती जिभेवर कशी वळते तेही ठाऊक लागतं. रशियनबरोबर इटालियन आणि जर्मनही. ह्वोरोस्तोव्स्की आणि इल्या यांच्या २०१५ मध्ये निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेत लिझ्टची पेत्रार्कच्या सुनीतांवरची इटालियन गाणी आहेत आणि शेजारी मायकेलअँजेलोच्या कवितांच्या रशियन भाषांतरावर शोस्ताकोविचने १९७४ मध्ये, मृत्यूच्या एक वर्ष आधी, लिहिलेली अकरा गाणी.

"एवढा मोठा पियानो, गायकाचा आवाज झाकत नाही?"

झाकू शकतो. मोठा मैफली पियानो पावणेतीन मीटर लांब आणि जवळपास अर्धा टन वजनाचा असतो. कार्नेगी हॉलच्या मोठ्या सभागृहात सुमारे अठ्ठावीसशे माणसं बसतात आणि गायकाला माईक नसतो.

पियानोचं झाकण पूर्ण उघडं, थोडं उघडं किंवा बंद ठेवता येतं. भित्र्या साथीदाराला ते बंद ठेवावंसं वाटतं. पण झाकणामुळे आवाज नुसता कमी होत नाही, घुसमटतो. घोंगडी पांघरून बोलल्यासारखा येतो. म्हणून बरेच कसलेले साथीदार झाकण उघडं ठेवून हात आवरतात. त्यातही सगळे स्वर सारखे आवरायचे नसतात. गायक मधल्या पट्टीत गातोय तिथे आपले मधले स्वर पुसट ठेवायचे, खालचा खर्ज मात्र भरीव ठेवायचा, म्हणजे गायकाला उभं राहायला जमीन मिळते. डाव्या पायाखालची कळ दाबली, की आतली हातोड्यांची रांग किंचित सरकते, तीनऐवजी दोनच तारांवर आघात होतो आणि रंग मवाळ होतो. हे सगळं प्रत्येक सभागृहात नव्याने जुळवायचं, कारण प्रत्येक शहरात पियानो वेगळा असतो. गायक आपलं वाद्य गळ्यात घेऊन फिरतो. पियानोवादकाला संध्याकाळी मिळेल त्या वाद्याशी दुपारी ओळख करून घ्यावी लागते.

"तरीही शेवटी दुय्यमच ना?"

जाहिरातीत नाव लहान असतं, हे खरं. मानधनातही फरक असतो. पण नावाच्या आकारावरून कामाची प्रतवारी ठरवू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि त्याला आधार आहे.

वर ज्यांचं नाव आलं, ते रिख्तर जगातल्या सर्वश्रेष्ठ एकल वादकांपैकी एक होते. तेही जर्मन गायक डीट्रिख फिशर-डीस्काउ यांच्या साथीला बसत. रखमानिनोव पियानोचा बादशहा होता, पण शाल्यापिनसारख्या गायकाबरोबर वाजवण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. इंग्लंडच्या जेराल्ड मूर यांनी तर जवळपास आयुष्यभर साथच केली आणि साथीदाराचा मान वाढावा म्हणून लिहिलं, बोललं. १९६७ मध्ये लंडनला त्यांच्या निरोपाची मैफल झाली तेव्हा फिशर-डीस्काउ, एलिझाबेथ श्वार्झकोफ आणि व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस हे त्या काळचे तीन अव्वल गायक त्यांच्यासाठी गायला आले. शेवटी मूर पियानोवर एकटेच बसले आणि शूबर्टचं संगीताला उद्देशून लिहिलेलं छोटं गाणं त्यांनी गायकाविना वाजवलं.

काही जण विचारतात, मग ध्वनिमुद्रित पियानो लावून गायलं तर काय बिघडतं? कराओकेत आपण गातोच की. कराओकेत गायक पियानोमागे धावतो. ध्वनिमुद्रण थांबत नाही. गायकाला आज खोकला आहे, आज सभागृह थंड आहे, आज या ओळीवर त्याला क्षणभर जास्त रेंगाळावंसं वाटलं, हे त्याला कळत नाही. आणि गायक एखादं कडवं विसरून पुढच्यावर उडी मारतो, तेव्हा बरोबर उडी मारणारं तिथे कुणी नसतं. गायक पाठ गातो आणि साथीदार मात्र समोर कागद ठेवतो, त्याचं हेही एक कारण आहे. दोघांपैकी एकाकडे नकाशा हवा.

शेवटची वर्षं

ह्वोरोस्तोव्स्की सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचे. १९८९ मध्ये कार्डिफची गायनस्पर्धा जिंकून ते जगापुढे आले. जून २०१५ मध्ये त्यांना मेंदूत गाठ असल्याचं जाहीर झालं. उपचार घेता घेता त्यांनी गाणं चालू ठेवलं. २०१६ च्या सुरुवातीला कार्नेगी हॉलमध्ये त्यांची मैफल झाली आणि पियानोवर इल्या होते. त्या वर्षाच्या अखेरीस तोल सांभाळणं कठीण होऊ लागल्यामुळे त्यांनी रंगमंचावरचं ऑपेरा थांबवल्याचं कळवलं. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी लंडनमध्ये ते गेले, वयाच्या ५५ व्या वर्षी.

मी या काळाकडे साथीदाराच्या बाजूने पाहतो. चौदा वर्षं ज्या माणसाचा श्वास मोजला, त्याचा श्वास बदलतोय हे सगळ्यात आधी कुणाला कळणार? श्रोत्यांना आवाज ऐकू येतो. पियानोवर बसलेल्याला ओळ सुरू होण्याआधीची ती लहानशी हालचाल दिसते, आणि तिच्यावरून तो पुढची ओळ कापतो किंवा सैल सोडतो. इल्या यांच्या मनात त्या वेळी काय होतं हे मला ठाऊक नाही आणि ते माझ्या पदरचं घालून सांगणं मला योग्य वाटत नाही. पण वर सांगितलेला श्वासाचा हिशेब ज्याला कळला, त्याने ती मैफल कशी झाली असेल याची कल्पना करून पाहावी.

त्याच २०१७ मध्ये इल्या तालिनच्या एस्टोनियन संगीत आणि नाट्य अकादमीचे रेक्टर, म्हणजे कुलगुरू झाले. १९१९ मध्ये सुरू झालेली ही संस्था म्हणजे तीच कॉन्झर्व्हेटरी, जिथे ते शिकले. तिथे ते आधीपासून शिकवतही होते. ज्याची ओळख जगभर साथीदार म्हणून, तो माणूस एका देशाच्या सर्वोच्च संगीतसंस्थेच्या खुर्चीत बसतो, ही गोष्ट 'दुय्यम'वाल्या आक्षेपापुढे मी मुद्दाम ठेवतो.

"रशियन कळत नाही, मग ऐकायचं कसं?"

एका गाण्यापासून सुरुवात करा. चायकोव्स्कीचा १८७८ चा एक रोमान्स आहे. नाचाच्या गर्दीत, गोंगाटात, एक बाई ओझरती दिसली, आणि आता रात्री एकटा असताना तिचे उदास डोळे आठवतात, अशी आलेक्सेई टॉलस्टॉयची कविता. एवढा अर्थ पुरे.

पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे लक्ष द्या, ते तसंही जाणारच. दुसऱ्यांदा फक्त पियानो ऐका. तीन मात्रांचा वॉल्ट्झचा ठेका आहे, पण नाचाच्या दिवाणखान्यातला नाही. सडपातळ, दुरून आलेला, भिंतीपलीकडचा. नाच संपलेला आहे आणि त्याचा ठेका तेवढा डोक्यात राहिला आहे. गायक कधी ठेक्यावर येतो, कधी किंचित मागे राहतो. तो मागे राहतो तेव्हा पियानो काय करतो ते पाहा. तिसऱ्यांदा ऐकताना ओळींच्या मधल्या जागा ऐका, गायक श्वास घेतो त्या. तिथे पियानोचा आवाज वाढतो की कमी होतो?

मग वर आलेलं 'क्तो झ्नाल'वालं गाणं घ्या. त्यात गायकाच्या आधी पियानोच ती चाल म्हणून दाखवतो, उलट्या मात्रांवर धडधडणाऱ्या स्वरांसह. गायक तीच चाल घेतो तेव्हा ती तुम्हाला ओळखीची वाटते, कारण ती तुम्ही आधीच ऐकलेली असते.

आणि कधी अशा मैफलीला प्रत्यक्ष जायचा योग आला, तर शेवटची ओळ संपल्यावर गायकाच्या तोंडाकडे पाहून टाळ्या वाजवू नका. तोंड मिटलेलं असतं, पण पियानोचे शेवटचे सूर अजून चाललेले असतात. ते संपल्यावरही वादकाचा पाय कळीवर असतो, तारा अजून गुणगुणत असतात, बोटं पट्ट्यांवरून उठलेली नसतात. ती उठतात, हात सावकाश मांडीवर येतात. टाळी तेव्हा.